शाळेचे आवार नववीच्या हाती द्या

नववी-दहावीच्या मुलांना आवाराची आखणी आणि झाडांची निगा शिकवावी, असे सुचवले की शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत बहुधा एकच उत्तर मिळते. हे माळ्याचे काम आहे. हौस असेल त्याने घरी करावे. अभ्यासात मागे पडणाऱ्यांना व्यवसाय म्हणून द्यावे. बाकीच्यांना पावसाळ्यातले वृक्षारोपण पुरे. या मताच्या मुळाशी एक समजूत आहे की झाडे लावण्या-जगवण्यात हात राबतात, डोक्याला त्यात फारसे काम नसते. ती समजूत मला चुकीची वाटते, आणि तिच्यामुळे आपण मुलांचे नुकसान करतो आहोत.

पण पूर्वपक्षाची सर्वांत बळकट बाजू आधी मांडायला हवी. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला आणि हाताच्या कामाभोवती सारे शिक्षण गुंफणारी नई तालीम उभी राहिली. देशभर ती रुजली नाही. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात कुदळ मारली, त्यांना शाळेनेही मुलाच्या हाती कुदळच द्यावी हे पटणे कठीण होते. शहरातल्या मुलाला बीजगणित आणि खेड्यातल्या मुलाला खुरपे, अशी वाटणी होणार असेल तर ती नाकारण्याचा त्यांना पुरेपूर हक्क होता. पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला, 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. वर्गात पोहोचेपर्यंत बऱ्याच ठिकाणी त्याची कागदी फुले झाली. मुलांना श्रेणी मिळाली आणि विषय संपला.

हा इतिहास मला मान्य आहे. मात्र त्यातून ‘हाताचे काम शाळेत नको’ असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. खोट होती ती वाटणीत: आराखडा एकाने काढायचा, राबायचे दुसऱ्याने, आणि केलेल्या कामाचे पुढे काय झाले हे कोणीच विचारायचे नाही. म्हणून माझी पहिली अट अशी, की ज्या मुलीने कागदावर खड्ड्याची जागा ठरवली तिनेच तो खणावा, तिनेच रोपाला पाणी घालावे, आणि वर्गात पहिली येणारीही त्यातून सुटू नये.

डोक्याला यात काय आहे ते एका उदाहरणाने दाखवतो. पुण्यातली एक शाळा घ्या. पूर्व-पश्चिम पसरलेली, 10 मीटर उंचीची इमारत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास मैदानात 1 मीटरची काठी उभी धरली, तर तिची सावली सुमारे 90 सेंटीमीटर पडते. समरूप त्रिकोणांवरून इमारतीची सावली 9 मीटर. म्हणजे इमारतीच्या उत्तरेची 9 मीटर रुंद पट्टी भर दुपारीही सावलीत. जूनमध्ये मात्र याच वेळी सूर्य डोक्यावर, किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो आणि तीच पट्टी उन्हात येते. तिथे मोगरा लावला तर हिवाळाभर ऊन नाही. सावलीतली नाजूक रोपे लावली तर मे महिन्यात करपणार. मग काय लावायचे? या प्रश्नाला तयार उत्तर नाही. भूमितीच्या तासाला काढलेली आकृती इथे पहिल्यांदा कोणाच्या तरी जगण्या-मरण्याशी जोडली जाते. पाण्याचेही तसेच. 100 चौरस मीटर छपरावर वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस पडला तर 70 हजार लिटर पाणी होते. ते पन्हळीतून गटारात जाते, की उतार पाहून झाडांच्या आळ्यांकडे वळवता येते, हे नववीतली मुले लेव्हलच्या पाइपने मोजून सांगू शकतात. 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या अध्यासनावर आलेले पॅट्रिक गेडीस मुळात वनस्पतींचे अभ्यासक, आणि नगररचनाकार म्हणून जगभर मान्यता पावलेले. आधी जागेची पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. रोपे आणि नगरे एकाच माणसाच्या अभ्यासात बसली, यात मला काही नवल वाटत नाही.

आता निगा. लोकांना ही सर्वांत बिनडोक वाटते, मला ती सर्वांत कठीण वाटते. जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की मूल म्हणते बुरशी. जवळून पाहिले तर पिठ्या ढेकूण. आणखी थोडा वेळ थांबले तर खोडावरून चढणारी मुंग्यांची रांग दिसते. या किडीचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात. नुसते औषध मारणारा हे पाहत नाही. पाहणारे मूल आधी मुंग्यांची वाट तोडते, मग साबणाच्या पाण्याने शेंडा धुते, आणि आठवड्याने पुन्हा बघायला येते. निरीक्षण, कारण, उपाय, पडताळा हे सारे त्यात येते. प्रयोगवहीत उतरवून काढलेल्या प्रयोगात यातले किती येते, ते विज्ञानाच्या शिक्षकांनीच सांगावे.

वृक्षारोपण पुरे म्हणणाऱ्यांना एक विचारायचे आहे. महाराष्ट्रात 2016 साली 2 कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट होते, 2019 मध्ये ते 33 कोटींवर गेले. हे आकडे लावण्याचे आहेत. जगण्याचा आकडा कोण ठेवतो? शाळेत तर अडचण वेळापत्रकातच आहे. रोप जुलैत लागते, त्याच्या जिवावर बेतते ते एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. यावर उपाय म्हणजे कामाचे वर्ष झाडाच्या वर्षाप्रमाणे लावणे. नववीच्या मुलांनी पावसाळ्यात पाणी कुठे साचते ते टिपावे, डिसेंबरात सावल्या मोजाव्यात, जानेवारीत आराखडा करावा, सुट्टीआधी खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत. दहावीत गेल्यावर पहिल्या पावसात रोपे लावावीत आणि वही नव्या नववीकडे सोपवावी. दहावी तोवर शाळेबाहेर पडलेली असते, म्हणून उन्हाळ्यातल्या पाण्याची पाळी या नव्या नववीने घ्यावी. पालापाचोळ्याचे जाड आच्छादन असेल तर ती पाळीही रोजची राहत नाही.

वेळ नाही, हा आक्षेप राहतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळला 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस शेती, वर्कशॉप, ऊर्जा, आरोग्य अशी कामे करतात, आणि त्याला राज्य मंडळाची मान्यता आहे. म्हणजे वेळ काढता येतो. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही व्यवसाय शिक्षणाच्या तीन शाखांत सजीवांबरोबरच्या कामाला जागा दिली आहे. आणि आवार सिमेंटचे आहे ही सबब तर मी मानतच नाही. झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीत दिला होता. शाळेच्या फाटकाजवळच्या झाडाचा श्वास किती कोंडला आहे ते टेपने मोजणे, हाच पहिला धडा होऊ शकतो.

मुख्याध्यापकांना विनंती आहे. या जुलैत रोप हातात घेऊन फोटो काढू नका. आवाराचा एक कोपरा, एक टेप, एक लेव्हलचा पाइप आणि एक जाड वही नववीला द्या, आणि दोन वर्षांनी त्या कोपऱ्यातली किती झाडे जिवंत आहेत ते शाळेच्या फलकावर लिहा.