सुईची उत्तर

उपनगरांत राहणाऱ्या माणसाला दिशा निराळ्या शिकाव्या लागत नाहींत, असा माझा पुष्कळ वर्षें समज होता. स्थानकाच्या एका अंगास पूर्व, दुसऱ्या अंगास पश्चिम. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, सर्वत्र हाच न्याय. रुळांनीं आपल्याला दिशा वांटून दिल्या आहेत आणि आपण त्या पत्त्यांत लिहितों. पन्नाशी उलटल्यावर विद्यार्थ्यांच्या आग्रहाखातर नकाशा व होकायंत्र हातीं घेईपर्यंत या समजुतीची परीक्षा करण्याचा प्रसंग मजवर आला नव्हता.

ज्या खेळासाठीं हा उद्योग आरंभिला त्याला ओरिएंटियरिंग म्हणतात. नकाशावर वर्तुळांनीं दाखविलेलीं ठिकाणें होकायंत्राच्या साह्यानें ओळीनें गांठावयाचीं, वाट आपली आपण निवडावयाची, आणि ज्याला वेळ सर्वांत कमी लागेल तो जिंकला. उत्तर युरोपांतील लष्करी शिक्षणांत या खेळाचा उगम आहे. सर्वांस खुली अशी पहिली स्पर्धा १८९७ सालीं नॉर्वेंत झाली. १९१९ सालीं स्वीडनमध्यें अर्न्स्ट किलांडर या लष्करी अधिकाऱ्यानें मोठी शर्यत भरवून त्याचा प्रसार केला, आणि १९६१ सालीं त्याचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला.

आमचा पहिला पाठ अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर झाला. ही टेकडी म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थिजलेल्या ज्वालारसाचा काळा कातळ. पायऱ्या चढून वर गेल्यावर मीं नकाशा कठड्यावर पसरला, त्यावर होकायंत्र ठेवून उत्तर निश्चित केली, आणि ‘तो तिकडे विहार तलाव’ असें म्हणून मोठ्या डौलानें बोट दाखविलें. जवळ उभी असलेली एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “सर, विहार त्या बाजूला नाहीं. कठडा लोखंडाचा आहे. सुई त्याच्याकडे ओढली गेली आहे.” इतकीं वर्षें वर्गांत दुसऱ्यांच्या चुका दाखविणारें तें बोट मला मुकाट्यानें खालीं घ्यावें लागलें.

सुई खोटें बोलत नाहीं; परंतु ती जवळच्या लोखंडाचें, पायाखालच्या कातळांतील लोहाचें आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचें, अशी सर्वांचें एकदम ऐकते. शिवाय लोखंड दूर असलें तरी तिची उत्तर आणि भूगोलाची उत्तर या तंतोतंत एक नसतात. या दोहोंमधील कोनास दिक्पात म्हणतात. तो स्थळागणिक निराळा असतो आणि काळागणिक बदलतो. मुंबईंत तो किती, हें मोजणाऱ्यांची परंपरा शोधूं गेल्यास आपण कुलाब्यास पोंचतों.

ईस्ट इंडिया कंपनीनें तेथें १८२६ सालीं वेधशाळा उभारली, आणि १८४१ पासून चुंबकीय नोंदी होऊं लागल्या. प्रो. ऑर्लेबार यांच्या हाताखालीं त्या कामावर जे साहाय्यक होते, त्यांत केरो लक्ष्मण छत्रे हे विशीच्या आंतले तरुण होते. पुढें ग्रहसाधनाचीं कोष्टकें रचणारे आणि डेक्कन कॉलेजांत टिळकांना गणित शिकविणारे केरूनाना ते हेच. परंतु त्या वेळीं तेही नवशिकेच होते. ठरल्या वेळीं चुंबकाची स्थिति पाहावयाची आणि आंकडा लिहावयाचा, इतकेंच तें काम. त्यांत नांव होण्यासारखें कांहीं नव्हतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें दिसूं लागलें. त्यांच्या प्रवाहानें कुलाब्याचे चुंबक विचलित झाले असते. म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनीं चुंबकीय काम अलिबागेस हलविलें. १९०४ सालीं तेथें नोंदी सुरू झाल्या. तथापि जुनें ठिकाण त्यांनीं लागलेंच सोडलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळीं नोंदी ठेविल्या. हेतु हा कीं, जुन्या आंकड्यांचा धागा नव्यांना जोडतां यावा. १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली, तोंवर तो धागा जोडला गेला होता. अलिबागेचें काम आजही चालू आहे.

मुंबईंत सध्यां हा दिक्पात एका अंशाहूनही कमी आहे. एक अंश चुकल्यास किलोमीटरभर चालून माणूस सुमारें साडेसतरा मीटर बाजूला जातो. येथील नवशिक्यानें तेवढें सोडून दिलें तरी चालतें. उत्तर कॅनडाच्या कांहीं भागांत मात्र तो वीस अंशांहून अधिक आहे, आणि तेथें हीच बेफिकिरी किलोमीटरामागें साडेतीनशें मीटरांना पडेल.

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या ४७ ए/१६ या नकाशांत अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचा हा सर्व टापू सांपडतो. तो खऱ्या उत्तरेस लावून पाहिला म्हणजे आपल्या दिशांची गंमत कळते. घाटकोपरहून मुलुंडला जाणारा लोहमार्ग नीट उत्तरेस न जातां ईशान्येकडे झुकला आहे. अर्थात् मुलुंडची ‘पश्चिम’ वायव्येकडे कललेली आहे. ठाण्यापर्यंतची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाली. त्या मार्गावरच्या आपल्या या पूर्व-पश्चिमा त्याहून जुन्या असूं शकत नाहींत. सोयीसाठीं त्या वापराव्या. खऱ्या मानूं नयेत.

पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हां त्याच टेकडीवर गेलों. या खेपेस होकायंत्र हातांत, छातीपाशीं धरलें, कठड्यापासून दूर उभा राहिलों, आणि विहार पूर्वेहून किंचित् उत्तरेस सांपडला. वहींत पहिल्या दिवसाची चुकीची नोंद होती. ती खोडण्याचा मोह झाला. परंतु मूस यांचीं तीं दोन वर्षें आठवलीं, आणि तिच्याच शेजारीं नवी नोंद लिहून मीं वही मिटली.