रोमचा बोलका पुतळा

रोम शहरात पियात्सा नवोना नावाचा एक प्रशस्त चौक आहे. त्याच्या नैर्ऋत्येस, एका वाड्याच्या कोपऱ्यावर, हातपाय गमावलेला आणि नाकतोंड झिजून गेलेला एक संगमरवरी पुतळा उभा आहे. प्रथमच पाहणाऱ्यास तो एखाद्या पडक्या इमारतीचा उरलेला तुकडा वाटावा. जाणकार सांगतात की, मूळ शिल्प ग्रीक होते. ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या पॅट्रोक्लसचे प्रेत उचलून धरणारा राजा मेनेलाउस त्यात कोरलेला होता, आणि हा पुतळा म्हणजे त्याची रोमन नक्कल होय. बर्निनीसारखा थोर शिल्पकार रोममधल्या प्राचीन शिल्पांत यालाच अग्रमान देत असे. परंतु रोमच्या सामान्य माणसाने त्याच्या सौंदर्याची फारशी पर्वा केली नाही. त्याने या मुक्या दगडाला बोलावयास लावले. या पुतळ्याचे नाव पास्क्विनो.

नावाविषयी नाना दंतकथा आहेत. कोणी म्हणतो, शेजारी पास्क्विनो नावाचा एक शिंपी राहत असे. बड्या लोकांचे कपडे शिवता शिवता तो त्यांच्या घरच्या गोष्टी ऐके आणि चव्हाट्यावर आणी. कोणी न्हाव्याचे नाव घेतो, तर कोणी लॅटिन शिकविणाऱ्या एका पंतोजीचे. पुतळ्याचा चेहरा आपल्या गुरुजींसारखा दिसतो, असे म्हणे त्याच्या विद्यार्थ्यांनी ठरविले. शिक्षकाच्या वाट्याला असा मान येणे काही नवे नव्हे!

पंधराव्या शतकात जमिनीतून वर आलेला हा पुतळा १५०१ साली कार्डिनल ओलिव्हिएरो काराफा यांनी चौथऱ्यावर बसविला. प्रारंभी त्याचे बोलणे अगदी सभ्य होते. दरवर्षी २५ एप्रिलला, संत मार्क यांच्या सणाच्या दिवशी, पुतळ्याला एखाद्या प्राचीन देवतेचा वेष चढवीत, आणि विद्यार्थी व पंडित आपापल्या लॅटिन कविता त्याच्या अंगावर लावीत. उत्सवावर एका अध्यापकाची देखरेख असे. १५०९ मध्ये या कवितांचा निवडक संग्रह छापलाही गेला. थोडक्यात, ही एक वार्षिक काव्यस्पर्धा होती. कोणती कविता लागावी आणि कोणती छापावी, हे पाहणारे कोणीतरी होते.

परंतु वर्षातून एक दिवस ज्या दगडावर कागद लावता येतो, त्यावर उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कोण पहारा ठेवणार? रात्रीच्या अंधारात कोणीही यावे, चिठ्ठी चिकटवावी आणि निघून जावे, असे सुरू झाले. खाली सही नसे. असलीच तर पास्क्विनोची. लॅटिन मागे पडून लोकांची बोली पुढे आली. सकाळी जाणारे-येणारे थांबत, वाचत, हसत, उतरवून घेत. परराज्यांचे वकील त्या चिठ्ठ्यांच्या नकला आपल्या बखरवजा पत्रांतून स्वदेशी धाडीत. कॅपिटोल टेकडीच्या बाजूस मार्फोरिओ नावाचा एक आडवा पहुडलेला जलदेवतेचा पुतळा होता, तोही पुढे या संभाषणात सामील झाला. मार्फोरिओने भोळेपणाने प्रश्न विचारावा आणि पास्क्विनोने झोंबणारे उत्तर द्यावे, असा दोघांचा संवाद जमला. युरोपातल्या कित्येक भाषांत निनावी उपहासाला 'पास्क्विनेड' हे नाव पडले ते यावरूनच.

ज्या नगरीत राजा आणि धर्मगुरू एकच, तेथे अशा दगडाचे मोल काय असेल, याची कल्पना करता येते. कराविरुद्ध दाद मागायला सभा नव्हती, वृत्तपत्र नव्हते. जे कार्डिनलाच्या तोंडावर बोलता येत नव्हते, ते पास्क्विनोच्या तोंडून बोलता येत होते. परंतु हे बोलणे नेहमी पीडितांचेच असे, असे समजणे भाबडेपणाचे होईल. १५२१ च्या डिसेंबरात पोप दहावे लिओ यांचे निधन झाले आणि नव्या पोपच्या निवडीसाठी कार्डिनल बंद दाराआड बसले, तेव्हा पास्क्विनोच्या अंगावर चिठ्ठ्यांचा नुसता पाऊस पडला. एकेका उमेदवाराच्या जन्माचा, शरीराचा, व्यसनांचा उद्धार त्यांत केलेला होता. त्यांतल्या पुष्कळ चिठ्ठ्यांमागे पिएत्रो आरेतीनो नावाच्या, आरेत्सोहून आलेल्या एका तरुणाची लेखणी होती, आणि ती लेखणी कार्डिनल जूलिओ दे मेदिची यांच्या सेवेत होती. प्रतिस्पर्ध्यांना झोडपावे, धन्याचा मार्ग मोकळा करावा, हे तिचे काम. वाचणाऱ्याला मात्र ते लोकमत वाटे. सही नसल्याचा फायदा दुबळ्याला मिळतो तसा भाडोत्र्यालाही मिळतो, हे त्या हिवाळ्यात दिसून आले.

९ जानेवारी १५२२ रोजी निवड झाली ती भलत्याचीच. युट्रेक्टच्या एका सुताराचा मुलगा, लूव्हेन विद्यापीठाचा धर्मशास्त्राचा प्राध्यापक, सम्राट पाचव्या चार्ल्सचा बालपणीचा शिक्षक, असा एड्रियन त्या वेळी स्पेनमध्ये होता. रोमने त्याला पाहिलेही नव्हते. परदेशी माणूस पोप झाला म्हणून रोमकरांचा संताप अनावर झाला, आणि पास्क्विनोने निवडणाऱ्या कार्डिनलांना चोर आणि विश्वासघातकी ठरविले. ऑगस्टअखेरीस पोप सहावे एड्रियन रोममध्ये आले. शहरात प्लेगची साथ होती, आधीच्या कारकिर्दीने तिजोरी रिकामी केली होती. त्यांनी दरबारी खर्च छाटला, मोजके नोकर ठेवले, कवींचे आणि भाटांचे वर्षासन बंद केले. एवढ्याने शहराचा सर्वांत बोलका वर्ग त्यांचा वैरी झाला. फ्रान्चेस्को बेर्नी या कवीने तर त्यांच्यावर एक दीर्घ आणि अत्यंत कडवट काव्यच रचले.

या ठिकाणी थोडे थांबून पाहिले पाहिजे. पास्क्विनोचे भक्त सांगतात की, त्याने सत्ताधाऱ्यांना सत्य ऐकविले. अनेकदा ऐकविलेही. पण १५२२-२३ या काळात रोममध्ये सत्य कोण बोलत होते? जर्मनीत लूथरचा उद्रेक झालेला होता. न्यूरेंबर्गच्या सभेपुढे एड्रियन यांनी आपल्या प्रतिनिधीकरवी असे वाचवून दाखविले की, ख्रिस्तसभेला जडलेला रोग मस्तकापासून अवयवांत उतरला आहे, पोपांपासून खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत पसरला आहे, आणि शुद्धीकरणाचा प्रारंभ रोमपासूनच केला पाहिजे. त्या काळच्या कोणत्याही राजाने आपल्या गादीविषयी इतके उघड कबूल केले नव्हते. आणि याच माणसाच्या उच्चारांची, साध्या जेवणाची, परकेपणाची थट्टा करण्यात तो मुक्त दगड दंग होता. पास्क्विनोच्या धिटाईत खोट नव्हती. खोट होती ती त्याच्या आळसात. परक्याची टर उडविणे सोपे, त्याचे म्हणणे ऐकणे अवघड.

एड्रियन चिडले, हेही नमूद केले पाहिजे. असे सांगतात की, हा पुतळा टायबर नदीत फेकून द्यावा असे त्यांनी मनात आणले होते. तेव्हा एका चतुर राजदूताने त्यांना विनविले की, महाराज, असे करू नये. नदीच्या तळाशी गेला तर तो बेडकांसारखा रात्रंदिवस ओरडत राहील. पुतळा राहिला. एड्रियनच फार दिवस राहिले नाहीत. १४ सप्टेंबर १५२३ रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या वैद्याच्या दारावर कोणीतरी फुलांची माळ लावून, देशाची सुटका केल्याबद्दल रोमच्या जनतेतर्फे आभार, अशी चिठ्ठी अडकविली, असे त्या काळचा वृत्तान्त सांगतो. सांता मारिया देल्ल् आनिमा या चर्चमध्ये त्यांची समाधी आहे. कितीही उत्तम मनुष्य असो, त्याचे कर्तृत्व कोणत्या काळात येऊन पडते यावर केवढे अवलंबून असते, अशा आशयाचे शब्द तिच्यावर कोरलेले आहेत. हे चर्च पास्क्विनोपासून काही मिनिटांच्याच अंतरावर आहे.

आरेतीनोचा धनी जूलिओ पुढे सातवे क्लेमेंट या नावाने पोप झाला. तरी त्याच्याच एका अधिकाऱ्यावर लेखणी चालविल्यामुळे १५२५ च्या जुलैत आरेतीनोवर सुऱ्याचे वार झाले. तो वाचला, रोम सोडून अखेर व्हेनिसला स्थायिक झाला, आणि तेथे त्याने स्वतःच्या नावाने तोच धंदा अधिक फायदेशीर केला. राजेरजवाडे त्याला वर्षासने देत. काही स्तुतीसाठी, काही मौनासाठी. फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसने त्याला पाठविलेल्या सोन्याच्या साखळीत लहान लहान जिभा घडविलेल्या होत्या. भेट देणाऱ्याला व्यवहार नेमका कळला होता म्हणायचा!

या आरेतीनोच्या घरी निक्कोलो फ्रांको नावाचा एक लेखनिक होता. दोघांचे बिनसले. १५३९ मध्ये आरेतीनोच्या एका शिष्याने फ्रांकोवर सुरा चालविला, आणि फ्रांकोने आपल्या जुन्या मालकावर ओंगळ सुनीतांची अख्खी मालिका रचून सूड घेतला. हा मनुष्य काही हुतात्म्याच्या मापाचा नव्हता. त्याची भाषा सभ्य वाचकाला शेवटपर्यंत सोसवत नाही. तरी रोमच्या बोलक्या पुतळ्याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली ती यालाच.

त्याची कथा काराफा घराण्याशी गुंतलेली आहे. ज्या घराण्यातील कार्डिनलाने पास्क्विनोला चौथऱ्यावर चढविले, त्याच घराण्यातील जान पिएत्रो काराफा १५५५ मध्ये चौथे पॉल या नावाने पोप झाले. स्वभाव कठोर. ज्यू लोकांना त्यांनी भिंतींच्या आत कोंडले, धर्मन्यायासनाचा धाक वाढविला, १५५९ मध्ये निषिद्ध ग्रंथांची यादी काढली. आरेतीनोची सर्व पुस्तके तीत होती. त्याच वर्षी ऑगस्टात ते वारले, आणि इतकी वर्षे कागदावर बोलणारे रोम रस्त्यावर उतरले. धर्मन्यायासनाची इमारत जाळण्यात आली, कैदी मोकळे झाले. कॅपिटोल टेकडीवरील पोपच्या पुतळ्याचे मस्तक तोडून गल्लोगल्ली फरफटवून शेवटी टायबर नदीत टाकण्यात आले. पास्क्विनो मात्र जागच्या जागी होता.

पुढच्या पोपांनी, चौथ्या पायस यांनी, काराफा पुतण्यांवर खटला भरला आणि १५६१ मध्ये त्यांना देहदंड दिला. त्या दिवसांत काराफांविरुद्ध लिहिणे हे जवळजवळ राजमान्य काम होते, आणि फ्रांकोने ते मनापासून केले. खटल्याचे कागदसुद्धा त्याला पाहावयास मिळाले. मग १५६६ मध्ये पाचवे पायस गादीवर आले. काराफांनी त्यांना वर आणले होते. त्यांनी तो निकाल फिरविला, घराण्याची अब्रू परत दिली. आणि काल जे लिखाण चालत होते, ते आज अपराध ठरले. १५६८ मध्ये फ्रांकोला पकडले, चौकशी झाली, यातना झाल्या, आणि मार्च १५७० मध्ये त्याला फाशी देण्यात आले. त्याची भाषा दोन्ही कारकिर्दींत सारखीच घाणेरडी होती. बदलला होता तो फक्त ऐकणारा. म्हणून 'शिवराळपणाला शिक्षा' असे ज्याचे वर्णन केले जाते, त्यात शिवराळपणाचा भाग किती आणि गैरसोयीचा किती, हे प्रत्येक वेळी तपासून घ्यावे लागते. पाचव्या पायस यांना ख्रिस्तसभेने पुढे संतपद दिले. त्यांचे इतर कार्य मोठे आहे. हे पान मात्र त्या चरित्रात राहतेच.

फाशीने चिठ्ठ्या थांबल्या का? थांबल्या नाहीत. इतकेच झाले की, लिहिणारे अधिक सावध झाले. पुढच्या शतकातला एक प्रसंग सांगितल्यावाचून पास्क्विनोला न्याय मिळणार नाही. दहावे इनोसंट पोप असताना पियात्सा नवोनात, त्यांच्या घराण्याच्या वाड्यासमोर, चार नद्यांचे ते जगप्रसिद्ध कारंजे उभे राहत होते. १६४८ च्या सुमारास धान्याची टंचाई होती, पावावर कर होता, आणि कारंज्यासाठी मोठमोठे दगड ओढून आणले जात होते. त्या दगडांवर चिठ्ठ्या लागल्या. आम्हांला स्तंभ नको, कारंजी नको, पाव हवा. आणि या दगडांचेच पाव होवोत, अशी त्यांत मागणी होती. यात शिवी नाही, कोणाच्या आईबापांचा उद्धार नाही. बायबलमधल्या सैतानाच्या परीक्षेची आठवण ठेवून लिहिलेली ती एका उपाशी शहराची तक्रार आहे. ती लिहिणाराही निनावीच होता, आणि ज्या अंधाराने आरेतीनोच्या भाडोत्री चिठ्ठ्या झाकल्या, त्याच अंधाराने त्यालाही झाकले. दोघांना वेगळे करणारी चाळणी रोमच्या कोणत्याही कोतवालाला सापडली नाही.

थोडीफार चाळणी लावली ती वाचणाऱ्यांनीच. हजारो चिठ्ठ्या पावसात भिजून गेल्या. ज्या उतरवून घ्याव्या असे कोणाला वाटले, त्या टिकल्या. अर्थात उतरवून घेणारेही निःस्वार्थी नव्हते. १५४४ मध्ये पास्क्विनोच्या नावावरील लिखाणाचे दोन खंड प्रसिद्ध झाले, ते संकलित करणारा चेलियो सेकोंदो कुरिओने हा इटलीतून पळालेला प्रॉटेस्टंट होता. रोममधल्या गल्लीतले हसे सीमेपलीकडे जाऊन दारूगोळा बनले.

२० सप्टेंबर १८७० रोजी रोममधील पोपची राजसत्ता संपली, वृत्तपत्रे आली, आणि पास्क्विनोचा आवाज क्षीण झाला. बंद मात्र झाला नाही. १९३८ च्या मे महिन्यात हिटलरच्या स्वागतासाठी मुसोलिनीने शहराला पुठ्ठ्याच्या खोट्या शोभेने नटविले, तेव्हा दगडाचे रोम पुठ्ठ्याचे होऊन रंगाऱ्याचे स्वागत करीत आहे, अशा अर्थाचा टोला लोकांच्या तोंडी झाला. त्या दिवसांत असे हसणे स्वस्त नव्हते.

एकविसाव्या शतकात पुतळ्याची साफसफाई झाल्यापासून संगमरवरावर कागद चिकटविण्यास मनाई आहे. चिठ्ठ्यांसाठी शेजारी एक फलक ठेवलेला आहे. त्यावर मंत्र्यांविषयीची कवने येतात, महागाईची गाऱ्हाणी येतात, आणि काही मजकूर घरात वाचून दाखविण्याजोगा नसतो. खाली सही सहसा नसते.