राणीची बाग आणि शिवडीची माती

भायखळ्याची राणीची बाग पाहिली नाही असे कुटुंब आपल्या धर्मग्रामांत विरळाच. मुलांना प्राणी दाखवावेत, सावलीत शिदोरी सोडावी व सायंकाळी परतावे, हा त्या सहलीचा ठरलेला क्रम. अलीकडे आम्ही काही मंडळींसह तेथे गेलो असता पिंजऱ्यांऐवजी वृक्षांकडे पाहत फिरलो. कारण ही बाग मुळात वनस्पतींसाठी लावलेली. प्राणी मागाहून आले.

तिच्या इतिहासाचा आरंभ शिवडीत आहे. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची बाग पूर्वी तेथे होती. पुढे संस्थेने भायखळ्यास नवी बाग उभारली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. व्हिक्टोरिया राणीचे नाव तिला मिळाले आणि लोकांनी तिला ‘राणीची बाग’ म्हटले. १८७३ मध्ये ती महापालिकेकडे गेली. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने ओळखली जाते.

मग शिवडीच्या बागेचे काय झाले? आर्थर क्रॉफर्ड पालिका आयुक्त असताना, १८६५ मध्ये, ती जागा दफनभूमीसाठी घेण्यात आली. तीच आजची शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी. लोकमान्य टिळकांचे सहकारी व मुंबईचे महापौर जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा १९३० पासून तेथेच विसावले आहेत. आपल्यापैकी अनेकांचे आप्तही त्याच मातीत आहेत. नोव्हेंबरात तेथे मेणबत्ती लावताना आपण एका जुन्या बागेत उभे असतो, हे किती जणांना ठाऊक असेल?

भायखळ्यास मात्र वृक्ष उभे आहेत. आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेचा बुंधा चार मुलांच्या कवेतही मावला नाही. शेजारीच १८७२ मध्ये खुले झालेले, १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणारे वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती दिसतो.

ही सावली आपोआप टिकलेली नाही. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या भव्य पुनर्रचनेचा आराखडा पुढे आला, तेव्हा नागरिकांनी, विशेषतः काही स्त्रियांनी, वृक्षांची बाजू चिकाटीने मांडली व त्या आराखड्यास मुरड पडली.

वाचकहो, पुढच्या खेपेस मुलांना वाघ अवश्य दाखवा. पण निदान पाच झाडांची नावेही त्यांना सांगा. आणि शिवडीस जाल तेव्हा त्यांना या बागेची गोष्ट सांगा.