दख्खनी मेंढी: मोशी-चाकणच्या पट्ट्यात ही देशी जात पाळायची तर काय लागतं?

दिवाळी झाली की पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर काळ्या मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. पुढे पागोट्यातला धनगर, मागे घोड्याच्या पाठीवर बांधलेला संसार आणि त्यातच नुकतीच जन्मलेली कोकरं. गाड्या थांबतात, व्हिडिओ निघतात. त्या व्हिडिओतली बारीक पायांची, लोंबत्या कानांची, काळी किंवा काळ्या-तपकिरी ठिपक्यांची मेंढी बहुतेक वेळा दख्खनी असते.

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. दख्खनी ही त्यातली सगळ्यात ओळखीची जात. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे स्थानिक प्रकार मानले जातात. धनगर आपल्या बोलीत मेंढ्यांना ‘बकरी’ म्हणतात, त्यामुळे बाजारात पहिल्यांदा गेलेल्या माणसाचा थोडा गोंधळ होतो.

मोशी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. तेव्हापासून इथली शेतं प्लॉट, गोदामं आणि सोसायट्यांच्या मधे तुकड्या-तुकड्यांनी उरली आहेत. अशा अर्ध्या-एक एकराच्या तुकड्यावर १०-२० मेंढ्या पाळण्याचा विचार बरेच जण करतात. पाळता येतात, पण ही जात मुळात चालण्यासाठी घडलेली आहे हे आधी लक्षात घ्यायला हवं.

चालणारी मेंढी गोठ्यात राहते का?

दख्खनी मेंढीने शेकडो वर्षं कमी पावसाच्या मुलखात, रोज कित्येक किलोमीटर चालून, जे मिळेल ते खाऊन दिवस काढले. पूर्ण वाढलेली मादी साधारण ३० किलोच्या आसपास भरते. शरीर लहान म्हणून भूकही कमी. दुष्काळात हाच तिचा फायदा.

तिला सोसत नाही तो चिखल. खूर सतत ओले राहिले की सडतात, आणि ओल्या गवतातून जंत पोटात जातात. धनगर पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणातून घाटावर परत येतात, त्यामागे हे मोठं कारण आहे. इंद्रायणीच्या काळ्या जमिनीत शेड बांधायचं तर जागा उंच हवी, खाली मुरूम आणि पाण्याला उतार हवा. मोठ्या मेंढीमागे १०-१२ चौरस फूट छपराखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळं आवार, हा ढोबळ हिशेब.

चाऱ्यासाठी बांधावर शेवरी, सुबाभूळ आणि एखाद्या पट्ट्यात दशरथ घास लावला तर निम्मा प्रश्न सुटतो. जोडीला कडबा आणि तुरीचं भुसकट. या पट्ट्यात एक मोह मात्र हमखास होतो: कारखान्यांच्या कॅन्टीनमधलं उरलेलं अन्न. शिळा भात, पोळ्या, पाव फुकट मिळतात आणि मेंढ्या ते आवडीने खातात. पण एकदम पोटभर पिष्टमय अन्न गेलं की पोटातली आम्लता वाढते आणि जनावर एका रात्रीत दगावू शकतं. मोशीच्या उपबाजारातला टाकाऊ भाजीपाला त्या मानाने बरा, तरी त्यातल्या पिशव्या आणि सुतळ्या निवडून काढायला माणूस लागतो.

दुसरी चूक क्षार मिश्रणाची. गाई-म्हशींसाठीचं मिश्रण मेंढ्यांना देऊ नये. त्यातलं तांबं गाईला चालतं, पण मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि विषबाधा होते.

लसींमध्ये आंत्रविषार आणि पीपीआर या दोन चुकवू नयेत. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी देतात, बाकीचं वेळापत्रक जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतं. महापालिका हद्दीत जनावरं ठेवण्याचे नियमही आधीच विचारून घेतलेले बरे. आणि भटकी कुत्री! शहराच्या कडेला रात्रीचं कुंपण लांडग्यासाठी नाही, कुत्र्यांसाठी घालावं लागतं.

मग अडचण कुठे आहे? मेंढ्यात

म्हणजे नरात. कळपातल्या एका मादीचा गुण तिच्या दोन-चार कोकरांपुरता असतो, नराचा मात्र त्या वर्षी जन्मलेल्या प्रत्येक कोकरात उतरतो. दख्खनी जात टिकते किंवा पुसली जाते ती इथे.

गेल्या काही वर्षांत कळपांमध्ये माडग्याळ जातीचा नर सोडण्याकडे ओढा वाढला आहे. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी ही जात उंच, पांढरट-तपकिरी आणि पोपटासारख्या बाकदार नाकाची. कोकरं भराभर वाढतात आणि देखणी दिसतात. आटपाडीच्या बाजारात २०२० मध्ये अशा एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी देशभर फिरली होती. तो अपवाद होता, पण पोपटनाक्या कोकराला बाजारात चार पैसे जास्त मिळतात हे खरंच आहे. त्यामुळे कळप दोन-तीन पिढ्यांत बदलतो. काळा रंग जातो, लोकर कमी होते, आणि मोठ्या अंगाला चाराही जास्त लागतो.

आधी सरकारी पातळीवर वेगळा प्रयोग झाला होता. मऊ लोकर मिळावी म्हणून दख्खनीचा मेरिनो आणि राम्बुलेट या परदेशी जातींशी संकर केला गेला. रखरखीत माळावर रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या कळपांत तो रुजला नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. दख्खनी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातल्या छोट्याशा गरोळ मेंढीत मात्र जुळी देणारं एक जनुक असतं. तेच जनुक अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांबरोबर ऑस्ट्रेलियातल्या मेरिनोंमध्येही पोचलं होतं. संस्थेने ते दख्खनी कळपात आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. जुळ्यांना दूध पुरवायचं तर मादीला जादा खुराक लागतो, म्हणून घरी बांधून पाळणाऱ्याला ती सोयीची. मात्र शुद्ध दख्खनी जपायची असेल त्याने हिला वेगळं धरावं.

नर कुठून आणायचा?

चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथे मेंढ्या मिळतात, पण नराचे आईबाप कोण हे बाजारात कळत नाही. त्यापेक्षा धनगराच्या वाड्यावर जाऊन, नराची आई आणि भावंडं बघून घेतलेला नर खात्रीचा. पुण्यात गोखलेनगरला मुख्यालय असलेलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळही आपल्या प्रक्षेत्रांवरून पैदाशीचे मेंढे देतं. २० मेंढ्या आणि १ मेंढा ७५ टक्के अनुदानावर देणारी महामेष योजना २०१७ मध्ये भटक्या जमाती-क प्रवर्गासाठी सुरू झाली. म्हणजे मोशीतल्या प्रत्येक शेतकऱ्याला ती लागू होत नाही.

वीस माद्यांना एक नर पुरतो. गाभण काळ पाच महिन्यांचा, आणि कोकरू दीड वर्षाचं झालं की माजावर येऊन भरवण्याजोगं होतं. म्हणजे नर आणल्यापासून साधारण दोन वर्षांत त्याच्या लेकी त्याच्याच पुढे उभ्या राहतात. त्याआधी तो बदलला नाही तर जवळच्या नात्यातली अशक्त कोकरं जन्माला येतात. लहान कळपात हे सगळ्यात आधी बिघडतं. उपाय स्वस्त आहे: तीन-चार शेतकऱ्यांनी दर दोन वर्षांनी आपसात नर फिरवायचे.

पैसे कशाचे?

लोकरीचे नाहीत. वर्षातून दोनदा कातरूनही एका मेंढीची जेमतेम अर्धा किलो लोकर निघते, आणि बऱ्याचदा कातरणीची मजुरी तिच्या किमतीपेक्षा जास्त पडते. ही जाड लोकर घोंगडीसाठीच चांगली. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली घोंगडी विणणारे आता मोजके उरले आहेत.

उत्पन्न येतं कोकरांचं, आखाडात आणि बकरी ईदला. आणि लेंडीखताचं. शेतात मेंढ्या बसवण्यासाठी शेतकरी आजही धनगरांना धान्य किंवा रोख देतात. सोसायट्यांच्या गच्च्यांवर भाजी लावणाऱ्यांना चाळलेलं, कुजवलेलं लेंडीखत लागतं, आणि मोशीत हे गिऱ्हाईक शेताच्या कुंपणापलीकडेच राहतं.