वॉर्ड आणि गार्ड: एकाच कुळातले

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात नातेवाइकांच्या तोंडी दोन शब्द सतत असतात: वॉर्ड आणि गार्ड. हे दोघे सख्खे चुलतभाऊ आहेत हे कळलं, आणि तेव्हापासून मी त्यांचा माग सोडलेला नाही.

5व्या शतकात जर्मानिक बोली बोलणाऱ्या फ्रँक टोळ्यांनी आजच्या फ्रान्समध्ये ठाण मांडलं. पाळत ठेवण्याला त्यांचं क्रियापद होतं 'वार्डोन'. तिथल्या लॅटिन बोलीत निव्वळ ओठांनी उच्चारायचा जुना 'व' तोवर उरला नव्हता, म्हणून लोक 'ग्व' म्हणू लागले. पुढे त्यातला 'व' गळाला आणि फ्रेंच क्रियापद झालं 'गार्दे'. इंग्लंडात मात्र 'वॉर्ड' मूळच्या जर्मानिक रूपात नांदत होताच. 15व्या शतकाच्या सुमारास फ्रान्सहून 'गार्ड' येऊन त्याच्या शेजारी बसला. वॉरंटी आणि गॅरंटी ही जोडीही याच 'व'-'ग'ची. मोटारपंप घेताना दुकानदार "गॅरंटी नाही, वॉरंटी आहे" म्हणतो, तेव्हा तो एकाच शब्दाची दोन रूपं वेगळी करत असतो.

'गार्दे'चा पसारा आपल्या 'राखणे'एवढा. बालाघाटावर ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावरून गोफण फिरवून पाखरं हाकायची, ती राखण. गुपित राखणं, शिल्लक राखणं, हेही 'गार्दे'त बसतं. फरक एवढाच, की आजारी फ्रेंच माणूस अंथरूण 'राखतो', आपला अंथरूण धरतो.

खरा वाद मुळाचा. बरेच कोशकार दोन वेगळे धातू मानतात. एक 'वेर्' म्हणजे पाहणं, त्यातून वॉर्ड-गार्ड. दुसरा 'वेर्' म्हणजे झाकणं. त्यातून वॉरंटी, आणि संस्कृत 'वृ'पासूनचे आपले आवरण, निवारण. माझं मत, हे दोन्ही मुळात एकच. राखणदार नजर ठेवतो आणि आडवाही उभा राहतो. यावर आक्षेप असा, की पाहण्याच्या धातूतून आलेल्या ग्रीक 'होरान'मध्ये झाकण्याचा मागमूस नाही. आक्षेप वजनदार आहे. पण मग हेच कोशकार इंग्रजी 'वॉर्न', म्हणजे सावध करणं, झाकण्याच्या घरात का घालतात? ज्याला आधी दिसतं, तोच सावध करतो.