करारात नसलेला आकडा

२४ नोव्हेंबर १९२२ रोजी न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे येथे, ‘पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स’ या स्पॅनिश अमलातल्या जुन्या वास्तूत, एका करारावर आठ सह्या झाल्या. सात सह्या सात राज्यांच्या आयुक्तांच्या. आठवी अमेरिकेचे तेव्हाचे वाणिज्यमंत्री आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर यांची. वाटणी होती कोलोरॅडो नदीच्या पाण्याची. ही नदी रॉकी पर्वताच्या बर्फावर जगते आणि अमेरिकेच्या सर्वांत कोरड्या मुलखातून वाहते. करारात अकरा कलमे आहेत, आणि ती सारी अर्ध्या तासात वाचून होतात.

वाचून संपल्यावर एक गोष्ट खटकते. पाणी कोणाला किती, हे करारात आहे. नदीत पाणी किती, हे कुठेच नाही.

वाटणीच्या कागदात मूळ मालमत्तेची मोजदादच नसावी, हे चमत्कारिक आहे. मग आठ जणांच्या मनात कोणता आकडा होता, तो कुठून आला आणि तो खोटा असल्याची शंका त्यांना येऊ शकत होती का? उत्तर करारात नाही. ते आजूबाजूच्या कागदांतून काढावे लागते.

आधी कराराची साक्ष. दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमांनुसार नदीचे दोन भाग पडतात. वरच्या खोऱ्यात कोलोरॅडो, वायोमिंग, युटा आणि न्यू मेक्सिको; खालच्या खोऱ्यात अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया आणि नेवाडा. सीमारेषा आहे ‘ली फेरी’, म्हणजे पॅरिया ही उपनदी मिळते तिथून एक मैल खालचा बिंदू. प्रत्येक खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकरफूट. आपल्या सवयीच्या हिशेबात हे सुमारे ३२७ टीएमसी होतात, म्हणजे तीन कोयना धरणे भरूनही उरेल इतके. शिवाय वरच्या राज्यांवर एक बंधन आहे: कोणत्याही सलग दहा वर्षांत ली फेरीपाशी ७५० लाख एकरफुटांपेक्षा कमी पाणी उरेल इतका उपसा त्यांनी करायचा नाही. खालच्या खोऱ्याला आणखी १० लाख एकरफूट वापर वाढवण्याची मुभा आहे.

बेरीज १ कोटी ६० लाख एकरफूट होते, सुमारे ६९७ टीएमसी. करार इथेच थांबत नाही. तिसऱ्या कलमाच्या ‘फ’ पोटकलमात म्हटले आहे की, वाटून उरलेल्या पाण्याची पुढची वाटणी १ ऑक्टोबर १९६३ नंतर करता येईल. म्हणजे पाणी उरणार, हे गृहीत आहे. यावरून एवढे खात्रीने म्हणता येते की, सह्या करणाऱ्यांच्या मनातला आकडा १ कोटी ६० लाखांहून मोठा होता. तो नेमका किती, ते करार सांगत नाही.

दुसरा पुरावा मोजमापाचा. केंद्र सरकारच्या सिंचन सेवेने या आयुक्तांच्या आयोगापुढे ठेवलेला अंदाज ली फेरीपाशी सरासरी सुमारे १ कोटी ६४ लाख एकरफूट, म्हणजे ७१४ टीएमसी, असा होता. मात्र ली फेरीजवळचे मोजणी केंद्र १९२१ मध्ये सुरू झाले होते. सह्यांच्या दिवशी त्या जागेची स्वतःची नोंद दोन वर्षांचीही नव्हती. आकडा मुख्यतः युमाच्या नोंदींवरून काढलेला होता, आणि युमा तिथून सुमारे हजार किलोमीटर खाली, मेक्सिकोच्या सीमेलगत आहे. तिथली नियमित प्रवाहमोजणी १९०२ पासूनची. दोन ठिकाणांच्या मधे तापलेले वाळवंट आहे, बाष्पीभवन आहे, शेतीचा उपसा आहे, आणि युमाजवळच गिला नदी येऊन मिळते. युमाच्या आकड्यातून ली फेरीचा आकडा काढायचा, तर या प्रत्येकाची वजाबाकी-बेरीज अंदाजाने करावी लागते. म्हणजे ज्या आकड्यावर वाटणी झाली, तो मोजलेला नव्हता, तर मोजलेल्या आकड्यावरून बांधलेला होता.

त्याहून मोठी अडचण काळाची. जेमतेम वीस वर्षांच्या नोंदी, आणि ती वीस वर्षे कशी होती? १९०५ मध्ये कोलोरॅडोने इम्पीरियल खोऱ्याचा कालवा फोडला आणि १९०७ पर्यंत सारी नदी त्या खोलगट भागात वाहत राहिली. आजचा सॉल्टन समुद्र हा त्या पुराचा अवशेष आहे. म्हणजे मोजणीची वर्षे भरपूर पाण्याची होती, हे उघड्या डोळ्यांना दिसत होते. हीच वर्षे नदीचा नेहमीचा स्वभाव आहेत की अपवाद, हे वीस वर्षांच्या वहीवरून ठरवता येत नव्हते.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला कृष्णा आठवेल. बच्छावत लवादाने १९७३ मध्ये कृष्णेचे पाणी वाटताना ७८ वर्षांची नोंद घेतली, आणि सरासरी न धरता चारपैकी तीन वर्षे हमखास मिळेल असे, म्हणजे ७५ टक्के विश्वासार्हतेचे, २,०६० टीएमसी पाणी धरले. त्या वाटणीवरचे वाद आपण आजही भोगतो आहोत. पण वाटायचा आकडा कसा ठरवला, हे तिथे कागदावर आहे. सांता फेच्या करारात नेमके तेच नाही.

तिसरा पुरावा आयोगाची इतिवृत्ते. जानेवारी १९२२ मध्ये वॉशिंग्टनला पहिली बैठक झाली आणि नोव्हेंबरमध्ये सांता फेजवळच्या ‘बिशप्स लॉज’ या निवासात शेवटच्या बैठका. एकूण सत्तावीस. राज्यांना घाई का होती, हे त्याच वर्षाच्या एका निकालावरून समजते. ५ जून १९२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वायोमिंग विरुद्ध कोलोरॅडो’ या खटल्यात ठरवले की, जो पाणी आधी वापरेल त्याचा हक्क आधी, हा नियम राज्यांच्या सीमेपलीकडेही लागू पडतो. कॅलिफोर्निया झपाट्याने पाणी वापरत होता. वरच्या राज्यांना आपला वाटा कागदावर हवा होता, कॅलिफोर्नियाला पूर अडवणारे धरण हवे होते. कोलोरॅडोचे आयुक्त डेल्फ कार्पेंटर यांनी राज्याराज्यांत वाटणी करण्याऐवजी दोन खोऱ्यांत वाटणीची कल्पना लावून धरली. दहा वर्षांच्या हमीसाठी वरच्यांनी कमी आकडा सांगितला, खालच्यांनी जास्त, आणि हूवर यांनी मधला काढला.

बैठकांबाहेर काय बोलणे झाले, याची नोंद नाही, आणि ही उणीव पुढे महाग पडली. १० लाख एकरफुटांची जादा मुभा नेमकी कोणासाठी? ती आपल्या गिला नदीच्या बदल्यात आपल्यालाच मिळाली, असा अ‍ॅरिझोनाचा दावा होता. करारात गिलाचे नावही नाही. वाटाघाटी करणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्या साक्षी नोंदवून घ्या, अशी मागणी अ‍ॅरिझोनाने सर्वोच्च न्यायालयाकडे केली. १९३४ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ज्या तोंडी बोलण्याची माहिती कराराला मंजुरी देणाऱ्या सरकारांना नव्हती, त्यावरून कराराचा अर्थ लावता येणार नाही, असे कारण दिले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. इतिहासाच्या दृष्टीने एक साक्ष कायमची गेली.

आता सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार. युजीन क्लाइड लारू हे अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागातले जलतज्ज्ञ. १९१६ मध्ये, म्हणजे कराराच्या सहा वर्षे आधी, त्यांचा कोलोरॅडो नदीवरचा अहवाल सरकारनेच छापला. खोऱ्यातली सिंचनयोग्य जमीन सारी भिजवायची तर नदीचे पाणी पुरणार नाही, हा त्यातला निष्कर्ष. आयोगाचे सल्लागार म्हणून लारू यांना बोलावण्यात आले नाही. १९२५ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांनी जास्त स्पष्ट सांगितले की, जुन्या कोरड्या वर्षांचा हिशेब धरला तर ली फेरीपाशी सरासरी १ कोटी ५० लाख एकरफुटांच्या आसपासच येते. हे सुमारे ६५३ टीएमसी झाले, म्हणजे वाटून दिलेल्या पाण्यापेक्षा कमी.

मात्र लारू यांची साक्षही तपासून घ्यायला हवी. ते तटस्थ नव्हते. धरण कुठे बांधायचे यावरून सिंचन सेवेशी त्यांचा जाहीर वाद होता. खाली बोल्डर कॅन्यनकडे न बांधता ते वर ग्लेन कॅन्यनमध्ये बांधावे, असा त्यांचा आग्रह होता. अशा माणसाचे गणित त्याच्या आग्रहाच्या बाजूने झुकले असेल, अशी शंका तेव्हाच्या लोकांना येणे स्वाभाविक होते. म्हणून दुसरा, स्वतंत्र पुरावा हवा, आणि तो आहे. काँग्रेसच्या मंजुरीने जनरल विल्यम सायबर्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने १९२८ च्या अखेरीस अहवाल दिला. या मंडळाचा त्या वादाशी संबंध नव्हता. तेही १ कोटी ५० लाखांच्या जवळपासच पोचले. त्याच वर्षी २१ डिसेंबरला बोल्डर कॅन्यन प्रकल्पाच्या कायद्यावर सही झाली, आणि पुढे हूवर धरण उभे राहिले. करारातले आकडे बदलले नाहीत.

आता पुरावे ओळीने मांडू. कमी पाण्याचा इशारा १९१६ पासून छापील सरकारी कागदात होता, हे निश्चित. १९२८ मध्ये धरणाचा निर्णय होताना तो दोन स्वतंत्र बाजूंनी काँग्रेससमोर होता, हेही निश्चित. १९२२ मध्ये आयुक्तांनी जाणूनबुजून फुगीर आकडा घेतला, याला थेट पुरावा नाही. मोठ्या आकड्यावर तडजोड सोपी होते, म्हणून तो तपासण्याची कोणाला घाई नव्हती, हा तर्क आहे. मला तो पटतो, पण तो तर्क म्हणूनच ठेवला पाहिजे. एरिक कून आणि जॉन फ्लेक यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात याहून पुढे जाऊन म्हटले आहे की, चूक विज्ञानाची नव्हती, गैरसोयीचे विज्ञान बाजूला सारण्याची होती. १९२८ च्या बाबतीत हा ठपका टाळता येत नाही. १९२२ च्या बाबतीत संशयाचा फायदा द्यावा लागतो, तोही अर्धाच.

शेवटचा साक्षीदार कागदाचा नाही. अ‍ॅरिझोना विद्यापीठात झाडांच्या खोडातल्या वार्षिक वलयांचा अभ्यास रुजला होता. कोरड्या प्रदेशात पावसाच्या वर्षी वलय रुंद पडते, दुष्काळात अरुंद. १९७६ मध्ये चार्ल्स स्टॉकटन आणि गॉर्डन जेकोबी यांनी वलयांवरून चार शतकांहून अधिक काळाचा प्रवाह उभा केला. सरासरी आली सुमारे १ कोटी ३५ लाख एकरफूट. विसाव्या शतकाचा आरंभ हा त्या साऱ्या काळातला विलक्षण ओला तुकडा ठरला. २००६ मधल्या एका अभ्यासात सरासरी १ कोटी ४३ ते १ कोटी ४७ लाखांच्या दरम्यान आली. दोन अभ्यासांत फरक आहे, कारण वलय म्हणजे मोजपट्टी नव्हे. झाडे आणि गणिताची पद्धत बदलली की आकडा हलतो. पण १ कोटी ६४ लाखांपर्यंत कोणतीच सरासरी जात नाही. दोन अंदाज एकमेकांशी भांडत असले, तरी करारामागचा गृहीत आकडा चुकीचा ठरवण्यावर त्यांचे एकमत आहे.

कागदावर ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचीही नोंद घ्यायला हवी. सातवे कलम एका वाक्याचे आहे: आदिवासी जमातींबाबतच्या अमेरिकेच्या जबाबदाऱ्यांवर या कराराचा परिणाम होणार नाही. पाण्याचा आकडा नाही, जमातींची नावे नाहीत, वाटाघाटीत त्यांचा माणूस नाही. वास्तविक आदिवासींसाठी राखलेल्या जमिनीबरोबर पाण्याचा हक्कही राखलेला असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच मोंटाना राज्यातल्या विंटर्स खटल्यात सांगितले होते. मेक्सिकोबद्दल फक्त पुढे कधी हक्क मान्य झाला तर, अशी तरतूद आहे. तो १९४४ च्या तहाने मान्य झाला, १५ लाख एकरफूट. वादातले १० लाख बाजूला ठेवले, तरी देणे १ कोटी ६५ लाखांवर गेले. त्यात जलाशयांवरून उडून जाणारे पाणी धरलेलेच नाही. करार झाला त्याच वर्षी, १९२२ मध्ये, निसर्गअभ्यासक आल्डो लिओपोल्ड भावाबरोबर मेक्सिकोतल्या कोलोरॅडोच्या त्रिभुज प्रदेशात होडीने फिरले. त्यांनी वर्णन केलेली हिरवी पाणथळ पुढे बहुतांश सुकून गेली. त्या पाणथळीचा वाटा कराराच्या कोणत्याही कलमात नव्हता.

पुन्हा ‘फ’ पोटकलमाकडे वळू. १ ऑक्टोबर १९६३ ही तारीख आली. त्या वर्षी १३ मार्चला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद होऊन लेक पॉवेल भरू लागला होता. ३ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ‘अ‍ॅरिझोना विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात खालच्या खोऱ्याची वाटणी कायम केली: कॅलिफोर्निया ४४ लाख, अ‍ॅरिझोना २८ लाख, नेवाडा ३ लाख. नदीकाठच्या पाच आदिवासी राखीव क्षेत्रांचा सुमारे ९ लाख एकरफुटांचा हक्कही त्याच निकालाने मान्य झाला, आणि तो संबंधित राज्यांच्या वाट्यातूनच द्यायचा होता. उरलेल्या पाण्याची नवी वाटणी मात्र झाली नाही. २००० नंतर नदीचा नैसर्गिक प्रवाह सरासरी सव्वा कोटी एकरफुटांच्या आसपास घसरला, आणि १६ ऑगस्ट २०२१ रोजी हूवर धरणाच्या लेक मीड जलाशयावर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली.

तरीही ते पोटकलम रद्द झालेले नाही. शिल्लक पाणी कसे वाटायचे, याची रीत करारात आजही शब्दशः छापलेली आहे. मेक्सिकोला द्यायच्या पाण्यातली तूट सोडली, तर कमी पडलेले पाणी सर्वांनी कसे वाटून घ्यायचे, याची रीत मात्र अकरा कलमांत कुठेही सापडत नाही.