थायरॉइड स्वयंप्रतिरक्षा आणि अंडसाठा

शरीराने स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणे म्हणजे थायरॉइड स्वयंप्रतिरक्षा. तिच्या सर्वपरिचित रूपाचे वर्णन जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये केले. रुग्णांच्या रक्तातली ही प्रतिपिंडे मात्र 1956 मध्ये ओळखली गेली. वंध्यत्वाच्या तपासण्यांत या प्रतिपिंडांची अँटी-टीपीओ चाचणी आता नित्याची झाली आहे आणि थायरॉइडचे काम दाखवणारे टीएसएच अगदी प्रमाणात असतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. सोबत अंडसाठ्याचा अंदाज देणारे एएमएच हे संप्रेरक कमी आले, की थायरॉइडमुळेच अंडसाठा, म्हणजे अंडाशयात उरलेल्या बीजांची संख्या, घटला असा निष्कर्ष काढला जातो. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत तो टिकत नाही. वय वाढते तशी प्रतिपिंडे अधिक स्त्रियांत आढळतात आणि बीजे तर घटतच असतात. वयाचा हिशेब सोडला तर या दोन गोष्टी एकत्र दिसणारच. ब्रुसेल्समधील 4,894 स्त्रियांच्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एएमएच वयानुसार ताडून पाहिले, तेव्हा संबंध आढळला नाही.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. ही प्रतिपिंडे बीजाभोवतीच्या पुटकातल्या, म्हणजे पिशवीतल्या, द्रवातही सापडली आहेत. बॉस्टनमधील 2018 च्या एका अभ्यासात अंडसाठा आधीच कमी असलेल्या किंवा वंध्यत्वाचे कारण न सापडलेल्या स्त्रियांत अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असताना सोनोग्राफीत पुटके कमी दिसली. चाळिशीआधीच अंडाशयाचे कार्य मंदावलेल्या स्त्रियांतही थायरॉइडची स्वयंप्रतिरक्षा वारंवार भेटते. पण द्रवात प्रतिपिंड असणे म्हणजे त्याने बीज मारणे नव्हे. रक्तातले बरेच काही तिथे झिरपते. शिवाय प्रतिपिंडेच बीजे संपवत असती, तर घट सर्व गटांत दिसायला हवी होती. ती मोजक्या गटांत दिसते, यावरून थायरॉइड आणि अंडाशय या दोहोंवर एकाच बिघडलेल्या प्रतिकारशक्तीचा घाला पडत असावा, ही शक्यता अधिक पटते.

‘मग थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचे संप्रेरक, देऊन पाहायला काय हरकत?’ असे विचारले जाते. ब्रिटनमधील ‘टॅब्लेट’ नावाच्या चाचणीने 2019 मध्ये त्याचे उत्तर दिले. पूर्वी गर्भपात झालेल्या किंवा वंध्यत्व असलेल्या, टीएसएच प्रमाणात पण प्रतिपिंडे असलेल्या 952 स्त्रियांत जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण गोळीने 37.4 टक्के, तर औषधविरहित गोळीने 37.9 टक्के होते. अर्थात थायरॉक्सिन संप्रेरकाची उणीव भरून काढते, प्रतिपिंडे हटवत नाही; त्यामुळे या निकालाने प्रतिपिंडांची उपपत्ती खोटी ठरली असे म्हणणे घाईचे होईल. अँटी-टीपीओचा अहवाल उपयोगी पडतो तो दुसऱ्याच कारणाने. आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन वाढले, किंवा गर्भ राहिला, की थायरॉइडवर ताण येतो, आणि प्रतिपिंडे असलेली ग्रंथी त्या वेळी कमी पडू शकते. म्हणून अशा स्त्रीचे टीएसएच गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरही तपासत राहावे लागते.